बाजारपेठेची सीमा आणि विक्रेत्याची पाटी : एपिक विरुद्ध ॲपल या खटल्याचा विचार

१३ ऑगस्ट २०२० रोजी पहाटे एपिक गेम्स या अमेरिकन कंपनीचे प्रमुख टिम स्वीनी यांनी ॲपल कंपनीच्या अधिकाऱ्यांस एक ई-मेल धाडला. खेळांतून होणाऱ्या विक्रीचे पैसे ॲपलच्याच यंत्रणेमार्फत घेतले पाहिजेत, हे ॲपलने घातलेले बंधन एपिक यापुढे पाळणार नाही, असा त्याचा आशय होता. त्याच दिवशी आयफोनवर ‘फोर्टनाइट’ हा खेळ खेळणाऱ्यांस एक नवीन गोष्ट दिसली. एक हजार ‘व्ही-बक्स’, म्हणजे त्या खेळापुरते चालणारे नाणे, विकत घ्यावयाचे झाल्यास ॲपलमार्फत त्याची किंमत ९.९९ डॉलर आणि थेट एपिककडून घेतल्यास ७.९९ डॉलर, असे दोन भाव शेजारी शेजारी मांडलेले होते. काही तासांतच ॲपलने हा खेळ आपल्या दुकानातून काढून टाकला, आणि त्याच दिवशी एपिकने कॅलिफोर्नियाच्या उत्तर जिल्ह्यातील संघराज्य न्यायालयात दावा दाखल केला. दाव्याचा मसुदा अर्थातच अगोदर लिहून ठेवलेला होता. ॲपलच्या १९८४ सालच्या सुप्रसिद्ध जाहिरातीचे विडंबन करणारी चित्रफीतही तयार होती. या साऱ्या बेतास एपिकने आतल्या आत ‘प्रोजेक्ट लिबर्टी’ असे नाव दिलेले होते.

तेव्हा वादीने करार मोडला की नाही, हा या खटल्यातील खरा प्रश्न नव्हता. करार मोडला होता, जाणूनबुजून मोडला होता, आणि त्याची भरपाईही एपिकला पुढे द्यावी लागली. प्रश्न होता तो असा की, अशा अटींचा करार लादणे हेच मुळी कायद्याविरुद्ध होते काय? सकृद्दर्शनी हा न्याय-अन्यायाचा प्रश्न वाटतो. परंतु त्याचे उत्तर शोधताना न्यायालयांस बराच काळ एका निराळ्याच प्रश्नात गुंतून पडावे लागले. बाजारपेठ कोठे सुरू होते आणि कोठे संपते, हे ठरल्यावाचून पुढचे पाऊल टाकता येत नव्हते. आणि हे एकदा ठरल्यावर निकालाचा मोठा भाग आपोआपच ठरून गेला. जो भाग या प्रश्नावर अवलंबून नव्हता, तेवढ्यातच एपिकला यश आले. या खटल्याचे अभ्यासकांच्या दृष्टीने असलेले महत्त्व प्रामुख्याने यात आहे.

वादाचा विषय नीट कळण्यासाठी या दुकानाची रीत प्रथम पाहावयास हवी. ॲपलने ‘ॲप स्टोअर’ जुलै २००८ मध्ये उघडले, तेव्हा त्यात सुमारे पाचशे ॲप होती. आयफोनवर ॲप चढवावयाचे तर ते याच दुकानातून, असा नियम आरंभापासून होता. ॲप विकून येणाऱ्या रकमेपैकी ३० टक्के ॲपलकडे राहत आणि ७० टक्के ते तयार करणाऱ्यास मिळत. पुढे २००९ मध्ये ॲपच्या आतही वस्तू विकण्याची सोय झाली आणि तोच दर तेथेही लागू झाला. मात्र तो सर्वांस लागू नव्हता. फोनवरून कोणी टॅक्सी बोलावली किंवा जेवण मागविले तर ॲपल त्यात काही घेत नसे. फोनच्या पडद्यावरच जी वस्तू उपभोगिली जाते, तिच्यावरच हा आकार होता. मराठी व्यापारी भाषेत यास अडत म्हणता येईल. परंतु बाजार समितीच्या आवारातील अडत्याशी तुलना केल्यास एक फरक लक्षात येतो. येथे आवाराचा मालक, नियम करणारा, अडत घेणारा आणि कित्येकदा स्वतःचा माल मांडणारा, हे सारे एकच होते.

खेळांच्या बाबतीत या रीतीचा परिणाम विशेष तीव्र होता. फोर्टनाइटसारखा खेळ खेळण्यास काहीच पैसे पडत नाहीत. उत्पन्न येते ते खेळातील पात्रांचे पोशाख, नृत्याच्या चाली आणि तत्सम शोभेच्या वस्तू विकून. न्यायालयासमोर आलेल्या पुराव्यावरून असे दिसले की, ॲप स्टोअरच्या एकूण उत्पन्नापैकी सुमारे ७० टक्के उत्पन्न खेळांतून येते आणि हे ७० टक्के देणारे ग्राहक एकूण ग्राहकांच्या १० टक्क्यांहूनही कमी आहेत. म्हणजे लक्षावधी ॲपचे हे दुकान आर्थिक दृष्ट्या मुख्यत्वे खेळांचे दुकान होते, आणि त्यातही सढळ हाताने खर्च करणाऱ्या थोड्या खेळाडूंवर ते चाललेले होते. एपिकचे स्वतःचे हितही स्पष्ट होते. डिसेंबर २०१८ मध्ये तिने संगणकासाठी खेळांचे स्वतःचे दुकान काढले होते आणि त्यात ती १२ टक्केच कमिशन घेत असे. तेच दुकान तिला आयफोनवर मांडावयाचे होते. एपिक छोट्या रचनाकारांची कैवारी म्हणून पुढे आली खरी, पण ती स्वतः अब्जावधी डॉलरची कंपनी होती, ही गोष्ट न्यायालयानेही नजरेआड केली नाही.

एपिकने एकंदर दहा आरोप ठेवले होते. त्यांपैकी मुख्य आरोप १८९० च्या शेर्मन कायद्याखालचे होते. या कायद्याचे पहिले कलम व्यापारास अवाजवी अडथळा आणणाऱ्या करारांस मनाई करते, तर दुसरे कलम मक्तेदारी बळकावण्यास किंवा गैरमार्गाने टिकविण्यास मनाई करते. नुसती मक्तेदारी असणे हा अमेरिकन कायद्यात गुन्हा नाही, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे. तथापि ‘मक्तेदारी’ म्हणताच ‘कशाची?’ हा प्रश्न उपस्थित होतो. त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी वादीवर असते.

या प्रश्नाचे महत्त्व १९५६ च्या सेलोफेन खटल्यावरून चांगले समजते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सेलोफेन कागदापैकी जवळजवळ ७५ टक्के कागद ड्यू पाँ ही एकच कंपनी तयार करीत असे. बाजारपेठ ‘सेलोफेनची’ मानली तर ती कंपनी मक्तेदार ठरत होती. परंतु सर्वोच्च न्यायालयाने मेणकागद, ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा इत्यादी सर्व वेष्टणे मिळून एक बाजारपेठ मानली. त्या बाजारपेठेत सेलोफेनचा वाटा २० टक्क्यांहूनही कमी भरला आणि कंपनी सुटली. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी या निर्णयातील एक दोष दाखविला. एखाद्या वस्तूच्या किमतीत शेकडा पाचासारखी अल्प परंतु टिकाऊ वाढ केली असता ग्राहक दुसरीकडे वळतात की काय, ही बाजारपेठ ओळखण्याची नेहमीची कसोटी आहे. पण मक्तेदाराने किंमत आधीच शक्य तितकी वर नेऊन ठेवलेली असेल, तर आणखी थोड्या वाढीने ग्राहक वळणारच! अशा वेळी ही कसोटी मक्तेदारीलाच स्पर्धेचा दाखला देऊन बसते. ‘सेलोफेनचा हेत्वाभास’ या नावाने हा दोष आजही शिकविला जातो.

एपिक आणि ॲपल यांनी आपापल्या सोयीची सीमा आखली, यात नवल नाही. एपिकच्या मते आयफोन विकत घेतल्यानंतर ग्राहक ॲपलच्या ताब्यात जातो; म्हणून ‘आयफोनवरील ॲपचे वितरण’ हीच एक स्वतंत्र बाजारपेठ आहे आणि तिच्यात ॲपलचा वाटा शंभर टक्के आहे. ॲपलच्या मते खेळणारा मनुष्य फोनवर खेळतो, संगणकावर खेळतो, प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स या यंत्रांवरही खेळतो. म्हणून सर्व डिजिटल खेळांचे व्यवहार हीच बाजारपेठ होय. याला पुरावाही होता. फोर्टनाइटच्या उत्पन्नापैकी आयफोनवरून येणारा भाग सुमारे ७ टक्केच होता. या वादातील एक योगायोग मोठा मनोरंजक आहे. एपिकच्या बाजूने साक्ष देणारे अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड इव्हान्स आणि ॲपलच्या बाजूचे रिचर्ड श्मालेन्सी हे दोघे अनेक वर्षांचे सहलेखक. ग्राहक आणि विक्रेते या दोहोंस एकत्र आणणाऱ्या दुतर्फी व्यवसायांवर त्यांनी मिळून ग्रंथ लिहिलेले आहेत. एकाच सिद्धांताचे दोन कर्ते दोन विरुद्ध बाजूंस उभे राहून दोन वेगळ्या बाजारपेठा दाखवीत होते. सिद्धांत कितीही शास्त्रशुद्ध असला, तरी सीमा आखताना निवडीस वाव राहतो, एवढे यावरून दिसून आले.

खटला मे २०२१ मध्ये ओकलंड येथे ज्यूरीविना, न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांच्यापुढे चालला. ॲपलचे मुख्याधिकारी टिम कुक यांचीही साक्ष झाली. ‘खेळ म्हणजे काय?’ या प्रश्नावर पुष्कळ वेळ गेला, कारण बाजारपेठ खेळांची मानावयाची तर खेळाची व्याख्या हवी. फोर्टनाइट हा खेळ नसून लोकांनी एकत्र जमण्याचे एक आभासी जगच आहे, असे एपिकला दाखवावयाचे होते. या ओघात खेळातील केळ्याच्या आकाराचे एक पात्र न्यायालयापुढे आले. त्याचे कपडे घातलेले चित्रच का निवडले, न्यायालयात ते उघडे दाखविणे बरे दिसले नसते काय, अशी चर्चा वकिलांनी सर्व गांभीर्यानिशी केली. हा प्रकार हास्यास्पद दिसतो खरा. परंतु व्याख्येवर एवढे अवलंबून असले म्हणजे असे होणे अटळच असते.

१० सप्टेंबर २०२१ रोजी १८५ पानांचा निकाल आला. न्यायाधीशांनी दोन्ही पक्षांच्या सीमा नाकारल्या आणि तिसरीच आखली. संबद्ध बाजारपेठ म्हणजे ‘मोबाइल फोनवरील डिजिटल खेळांचे व्यवहार’, असे त्यांनी ठरविले. एपिकच्या सीमेपेक्षा ही विस्तृत होती, कारण तीत गूगलच्या अँड्रॉइड फोनवरील खेळही आले. ॲपलच्या सीमेपेक्षा ती आखूड होती, कारण प्लेस्टेशन व संगणक तीतून वगळले गेले. या बाजारपेठेत ॲपलचा वाटा ५२ ते ५७ टक्के भरला. वाटा मोठा आणि नफाही अतिशय मोठा. ॲप स्टोअरच्या व्यवहारात शेकडा ७५ हून अधिक नफा राहतो, हा एपिकच्या तज्ज्ञाचा हिशेब न्यायालयाने ग्राह्य मानला. ३० टक्क्यांचा दर खर्चाचा काही हिशेब करून ठरविलेला नाही, असेही न्यायाधीशांस आढळले. ॲपलचेच एक उच्चाधिकारी फिल शिलर यांनी २०११ साली सहकाऱ्यास लिहून, दुकानाचा वार्षिक नफा एक अब्ज डॉलरवर गेल्यास हा दर उतरवावा काय, असा प्रश्न विचारला होता. दर मात्र उतरला नाही. वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत मिळकत असणाऱ्यांसाठी तो १५ टक्के झाला तो जानेवारी २०२१ पासून, म्हणजे दावा लागल्यानंतर. इतके सारे नमूद करूनही, एपिकने सादर केलेल्या पुराव्यावरून ॲपल मक्तेदार ठरत नाही, असाच निष्कर्ष न्यायाधीशांनी काढला. सीमा निराळी आखली असती तर हाच पुरावा निराळा बोलला असता, असे वाटल्यावाचून राहत नाही.

एपिकची आखूड सीमा का टिकली नाही, हे समजण्यासाठी १९९२ च्या कोडॅक खटल्याकडे वळावे लागते. कोडॅकची छायाप्रत यंत्रे घेतलेल्यांना सुटे भाग व दुरुस्तीसाठी कोडॅककडेच जावे लागे. अशा अडकलेल्या ग्राहकांपुरती एकाच कंपनीच्या मालाची ‘उत्तर-बाजारपेठ’ असू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने त्या खटल्यात म्हटले. परंतु त्यास एक अट आहे. यंत्र घेताना पुढील बंधनांची व खर्चाची कल्पना ग्राहकास नव्हती किंवा येऊ शकत नव्हती, असे दिसले पाहिजे. आयफोन घेणाऱ्यास त्यावर ॲपलचेच दुकान चालते हे ठाऊक नसते, असा पुरावा एपिकने दिला नाही. उलट, बंदिस्त व म्हणून सुरक्षित असा फोन पाहिजे म्हणूनच अनेक जण तो घेतात, हे ॲपलचे म्हणणे न्यायालयास पटले.

सुरक्षिततेच्या या मुद्द्यावर एपिकची अडचण अधिकच वाढली. स्पर्धेस बाधा येते असे दिसले तरी प्रतिवादी त्या बाधेमागील इष्ट हेतू दाखवू शकतो. मग तोच हेतू कमी जाचक मार्गाने साधता येतो, हे दाखविण्याची पाळी वादीवर येते. एपिकने ॲपलच्याच मॅक संगणकाकडे बोट दाखविले. त्यावर बाहेरून सॉफ्टवेअर चढविता येते, तरी ॲपल तो सुरक्षित म्हणूनच विकते! त्यावर ॲपलचे सॉफ्टवेअर-प्रमुख क्रेग फेडरिगी यांनी साक्षीत सांगितले की, मॅकवर घातक सॉफ्टवेअरचा जो उपद्रव आहे तो आम्हांस मान्य होण्याजोगा नाही. आपल्याच मालाची अशी निंदा उत्पादकाच्या तोंडून क्वचितच ऐकावयास मिळते. परंतु ॲपल माणसांकरवी करीत असलेली ॲपची तपासणी बाहेरच्या दुकानांत कशी व्हावी आणि तिचा खर्च कोणी सोसावा, याचे पुरेसे स्पष्ट उत्तर एपिकजवळ नव्हते, आणि वस्तुतः हाच तिच्या बाजूचा सर्वांत मोठा कच्चा दुवा होता.

नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २४ एप्रिल २०२३ रोजी हा निकाल बहुतांशी कायम केला. तथापि कायद्याच्या काही मुद्द्यांवर त्याने खालच्या न्यायालयाची चूक दाखविली. वाटाघाट न करता लादलेला नमुना-करार पहिल्या कलमाच्या कक्षेबाहेर आहे, हे जिल्हा न्यायाधीशांचे मत त्याने फेटाळले. हा मुद्दा दूरगामी आहे, कारण आजचे बहुतेक डिजिटल करार याच जातीचे असतात, आणि ते मत टिकते तर सर्वांत बलिष्ठ पक्षाचे करारच कायद्यातून निसटले असते. ॲप आणि पैसे घेण्याची यंत्रणा या दोन निराळ्या वस्तू आहेत, हेही त्याने मान्य केले. परंतु या चुकांनी निकालात फरक पडत नाही, असे बहुमताने ठरले. न्यायाधीश थॉमस यांनी मात्र भिन्नमत नोंदवून प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवावे असे म्हटले.

आता याच वादीचा दुसरा खटला शेजारी ठेवून पाहावा. त्याच १३ ऑगस्टला एपिकने गूगलवरही दावा लावला होता. अँड्रॉइड फोनवर दुसरे दुकान उघडण्यास तत्त्वतः मोकळीक आहे; म्हणजे गूगलची व्यवस्था ॲपलच्या मानाने उघडी. तरीही ११ डिसेंबर २०२३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतील ज्यूरीने एकमताने गूगलविरुद्ध कौल दिला आणि ३१ जुलै २०२५ रोजी अपील न्यायालयाने तो कायम केला. त्या ज्यूरीने सीमा आखली ती अँड्रॉइडवरील ॲप-वितरणापुरती. उघडी ठेवलेली दारे पैसे व करार यांच्या बळावर हळूच लावून घेण्याचा गूगलचा प्रयत्न कागदोपत्री दिसत होता. ॲपलने दार मुळातच ठेवले नव्हते, त्यामुळे ते लावून घेतल्याचा पुरावाही निर्माण झाला नाही. दार अजिबात न ठेवणारा सुटतो आणि किलकिले ठेवणारा सापडतो, ही विसंगती अपील न्यायालयाने पुराव्यातील व बाजारपेठांतील भेदाने समजावून दिली आहे. कायद्याच्या दृष्टीने ते स्पष्टीकरण बरोबरच आहे. धोरणाच्या दृष्टीने त्याने समाधान होत नाही.

अन्यत्र याच प्रश्नास निराळी उत्तरे मिळाली. युरोपीय संघाने डिजिटल बाजारपेठांचा कायदा करून सीमेचा वादच बाजूस सारला. महिन्यास साडेचार कोटी वापरकर्ते व साडेसात अब्ज युरोची उलाढाल अशा मापांवरून तेथे ‘द्वाररक्षक’ कंपन्या ठरतात आणि मार्च २०२४ पासून त्यांच्यावर ठरावीक बंधने आली. भारतात स्पर्धा आयोगाने राजस्थानातील एका संस्थेच्या तक्रारीवरून ३१ डिसेंबर २०२१ रोजी ॲपलविरुद्ध चौकशीचा आदेश दिला. त्या आदेशात आयोगाने प्रथमदर्शनी ‘भारतातील आयओएससाठीची ॲप दुकाने’ हीच संबद्ध बाजारपेठ मानली, म्हणजे कॅलिफोर्नियात एपिकला जी सीमा मिळाली नाही जवळजवळ तीच. भारतात ॲपलचे फोन अँड्रॉइडच्या मानाने फारच थोडे आहेत. तरीही सीमा अशी आखल्यावर त्या थोडेपणाचा बचाव निरुपयोगी ठरतो. भारतीय कायद्याच्या अभ्यासकांनी २००२ च्या स्पर्धा अधिनियमाचे चौथे कलम व कोडॅक खटल्यातील अट ही दोन्ही एकत्र ठेवून या आदेशाचे वाचन करणे उद्बोधक ठरेल.

मूळ खटल्यात एपिकचे दहापैकी नऊ आरोप पडले. शिवाय ॲपलच्या प्रतिदाव्यावर, मधल्या काळात थेट वसूल केलेल्या १,२१,६७,७१९ डॉलरवर व त्यानंतरच्या अशा वसुलीवर ३० टक्के रक्कम देण्याचा हुकूम तिच्यावर झाला. उरला तो एक आरोप, आणि तो संघराज्याच्या नव्हे तर कॅलिफोर्निया राज्याच्या अनुचित स्पर्धेविषयीच्या कायद्याखालचा. ॲपलचा आणखी एक नियम असा होता की, हीच वस्तू बाहेर स्वस्त मिळते असे विक्रेत्याने ॲपमध्ये कोठेही सांगता कामा नये. तशी खूण, दुवा किंवा बटण ठेवता कामा नये. हा नियम ग्राहकास अंधारात ठेवतो, आणि माहितीवाचून स्पर्धा चालू शकत नाही, म्हणून तो अनुचित आहे, असे न्यायाधीशांनी ठरविले आणि तो अमलात आणण्यास ॲपलला देशभर कायमची मनाई केली. ॲपलने यावर २०१८ च्या अमेरिकन एक्स्प्रेस खटल्याचा आधार घेतला. ग्राहकास दुसरे कार्ड वापरण्यास सुचवू नये अशी बंदी त्या कंपनीने दुकानदारांवर घातली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती वैध ठरविली होती. संघराज्याच्या कायद्यास जे चालते ते राज्याच्या कायद्यास अनुचित कसे, हा युक्तिवाद वजनदार होता. पण अपील न्यायालयाने तो स्वीकारला नाही. एका कायद्याखाली पुरावा अपुरा पडला म्हणून दुसऱ्या कायद्याखालील दोष धुऊन निघत नाही, असा त्याच्या म्हणण्याचा इत्यर्थ.

एपिकला स्वतःचे दुकान हवे होते. तिच्या पदरी पडली ती दुसऱ्याच्या दुकानात एक पाटी लावण्याची मुभा. ही मुभा किरकोळ आहे असेच तेव्हा पुष्कळांस वाटले. तिची खरी किंमत किती, हे ॲपलच्या पुढील वर्तनावरून कळून आले.

अपिलांमुळे मनाई हुकूम दोन वर्षांहून अधिक काळ अमलात आला नाही. १६ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांचे अर्ज नाकारले आणि त्याच दिवशी ॲपलने नवे नियम जाहीर केले. पाटी लावता येईल. पण तिच्यावरून बाहेर गेलेल्या ग्राहकाने सात दिवसांत जी खरेदी केली, तीवर २७ टक्के ॲपलला द्यावे लागतील. बाहेर पैसे स्वीकारण्याचा खर्च धरला की विक्रेत्यास पूर्वीपेक्षा काहीच वाचत नव्हते. पाटी कोठे, कशा स्वरूपात असावी यावरही निर्बंध होते, आणि ग्राहकाने तिला स्पर्श करताच पडदाभर इशारा झळके. मे २०२४ च्या सुनावणीपर्यंत सुमारे १,३६,००० रचनाकारांपैकी केवळ ३४ जणांनी अशा दुव्यासाठी अर्ज केले होते. हुकुमाचे शब्द पाळून त्याचा प्राण काढून घेण्याचा हा प्रकार होता. त्याची किंमत ॲपलने एका अर्थी अचूक सांगितली. ज्या पाटीमुळे काहीच बिघडणार नाही, ती अडविण्यासाठी कोणी एवढा खटाटोप करीत नाही.

न्यायाधीशांनी अंतर्गत कागदपत्रे मागविली, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी ॲपलने हुकुमाचा बुद्धिपुरस्सर भंग केला असा निर्णय दिला. शिलर यांनी कंपनीस हुकूम पाळण्याचा सल्ला दिला होता आणि कुक यांनी तो मानला नाही, याची नोंद त्या निर्णयात आहे. एका वरिष्ठ अधिकाऱ्याने शपथेवर खोटे सांगितल्याचेही न्यायाधीशांस आढळले, आणि फौजदारी कारवाईचा विचार व्हावा म्हणून त्यांनी प्रकरण सरकारी अभियोक्त्याकडे पाठविले. बाहेरील खरेदीवर कोणताही आकार घेण्यास ॲपलला तत्काळ बंदी झाली. २० मे २०२५ रोजी फोर्टनाइट अमेरिकेतील आयफोनवर परतला. दुकानातून काढून टाकल्यास त्या वेळी पावणेपाच वर्षे होऊन गेली होती.

डिसेंबर २०२५ मध्ये अपील न्यायालयाने अवमानाचा निष्कर्ष उचलून धरला. मात्र बाहेरील खरेदीवर ॲपलने कधीच काही घेऊ नये, ही सरसकट बंदी त्यास अतिरेकी वाटली. ॲपलच्या सेवेचा काही रास्त मोबदला असू शकेल, तो कोणता हे ठरविण्यासाठी प्रकरण जिल्हा न्यायालयाकडे परत पाठविण्यात आले. म्हणजे २००८ साली कसलाही हिशेब न मांडता जो आकडा बसविला गेला, त्याच्या जागी खर्चाशी निगडित असा आकडा प्रथमच कोणास तरी मांडून दाखवावा लागणार, आणि तो बाजारपेठेने नव्हे, तर न्यायाधीशांनी पारखावयाचा, अशी स्थिती निर्माण झाली.